मावशीच्या कानातला कप

चूक कुणाची हे ठरल्याशिवाय चूक कशी झाली याची चौकशी करायची नाही, असा मावशीचा शिरस्ता होता. घरात काही बिघडलं की नवरा जबाबदार, कारखान्यात बिघडलं की भट्टीवाले. दोन्ही पक्ष सोशिक होते. त्यामुळे मावशीचा न्याय झटपट होई आणि अपिलात कुणी जात नसे.

कारखाना कपबश्यांचा. भट्टीतून निघालेला माल गार झाला की खोक्यांतून वाजवणीच्या टेबलावर यायचा. लांबलचक टेबल, दोन्ही अंगांना बाया, आणि प्रत्येकीच्या हातात पेन्सिलीएवढी लाकडी दांडी. डाव्या हाताच्या बोटांवर कप पालथा धरायचा, काठावर हलकासा टोला द्यायचा आणि ऐकायचं. धड कप टणकन वाजतो आणि त्या आवाजाला एक बारीक, लांब शेपूट फुटतं. ते जरा वेळ हवेत रेंगाळतं आणि मग विरतं. ज्या कपात डोळ्याला न दिसणारी केसाएवढी चीर असते, तोही टणकनच वाजतो, लबाडच असतो तो, पण त्याला शेपूट नसतं. अशा कपाला टेबलावर 'मुका' म्हणत. मुका डावीकडच्या पिंपात, बोलका उजवीकडच्या ट्रेमध्ये.

टोला काय, कुणीही देईल. शेपूट ऐकायला कान लागतो, आणि कान म्हटला की मावशी. टेबलाच्या टोकाची, खिडकीजवळची खुर्ची तिची. कुणाला शंका आली की कप हातोहात तिच्याकडे सरकत जाई. ती एक टोला देऊन निकाल सांगे, आणि त्या निकालापुढे तपासणीचे साहेबसुद्धा जात नसत. साहेबांना भांडण आवडत नसे. भांडण न आवडणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येतं ते, म्हणजे दोन्हीकडची बोलणी, त्यांना रोज मिळत.

तर अशा या मावशीच्या डाव्या कानात एक कप वाजायला लागला, आणि तो थांबेना.

आधी काय झालं तेही सांगायला हवं. काही महिन्यांपासून मावशीच्या छातीत जळजळ होत होती. वाकलं की आंबट पाणी घशाशी यायचं. मावशीची नणंद औषधांचं दुकान चालवायची. तिनं एक दिवस भावजयीचा चेहरा पाहिला आणि हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी लिहून दिली, सकाळी अनशापोटी घ्यायची. गोळीनं आपलं काम चोख केलं. जळजळ गेली. आणि मग, हवा पालटावी तसा, कान वाजायला लागला.

आधी गोळी, मग कान. मावशीच्या न्यायालयात एवढा पुरावा फाशीला पुरे होता. त्यात ती गोळी नणंदेच्या दुकानातली. नणंदेकडून आलेली वस्तू निर्दोष निघाली, असं आजवर कोणत्या भावजयीनं मान्य केलंय?

कानात आवाज पुष्कळांच्या येतो. कुणाच्या रातकिडा ओरडतो, कुणाच्या कुकरची वाफ जाते, आणि माणसं आपापले संसार करत राहतात. पण मावशीच्या कानातला आवाज नेमका बोलक्या कपाच्या शेपटाचा होता. तोच बारीकपणा, तोच सूर. त्यामुळे तिनं कोणताही कप वाजवला तरी त्याला फुकटात शेपूट मिळायचं. मुके कप बोलायला लागले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशातली गत. फक्त इथे चोर कानातच मुक्कामाला होता आणि किल्ल्या मावशीच्याच कमरेला होत्या.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मान जरा डावीकडे कलती करून उजव्या कानाशी कप धरायला लागली.

शेजारच्या खुर्चीवर साखर बसायची. गोड बोलते म्हणून साखर. खरं नाव हजेरीपत्रकात होतं, तिथेच राहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"मावशी, मान आखडली का हो?"

"साहेबांना मान देऊन देऊन आखडली."

"मग थोडी आम्हालाही द्या, सैल होईल."

टेबल हसलं आणि विषय चहावर गेला. चहा आला की त्याच्या मागोमाग बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरायचा. दिवसभर मनगट उडवून उडवून हात भरून येत, म्हणून पूर्वी कुणीतरी अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्या त्या डब्यात आणून ठेवल्या होत्या. तेव्हापासून चहात साखर पडावी तशी चहाबरोबर गोळी पडायची. डबा संपला की पाळीपाळीनं भरायचा. नवी बाई कामाला आली की तिला खुर्ची, दांडी आणि डबा, तिन्ही एकदमच दाखवले जात.

अशातच एका हॉटेलातून माल परत आला. गरम चहा ओतला की कप उभा फुटायचा, गिऱ्हाइकाच्या मांडीवरच. साहेब स्वतः एक फुटका कप घेऊन टेबलाशी आले आणि त्यांनी तो मेलेल्या चिमणीसारखा अलगद मधोमध ठेवला.

"हा आपल्याकडून बोलका म्हणून गेलाय," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी कपाकडे पाहिलं, मग सवयीनं मावशीकडे.

"भट्टीवाल्यांना विचारा," मावशी म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"भट्टीत चीर पडते, मावशी. ती पकडायची कुठे? इथे." साहेबांनी घसा साफ केला. "पुढच्या आठवड्यात कान तपासणारा माणूस यंत्र घेऊन येईल. एकेकीचा कान तपासला जाईल. ज्यांचा पास होणार नाही, त्यांना पॅकिंगला पाठवायचं, असं वरून आलंय. माझ्याकडे बघू नका."

पॅकिंग म्हणजे कपांना कागद गुंडाळून पेटीत भरायचं. पगार तोच, सुट्ट्या त्याच, आणि बसायला पंख्याखालची जागा. तरी वाजवणीच्या बाईला पॅकिंगला पाठवणं म्हणजे न्यायाधीशाला कोर्टाच्या दारात चपला सांभाळायला बसवणं. मावशीनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर भंगाराचा ढीग आणि एक हातगाडी एवढंच दिसत होतं, पण ती खिडकी तिची होती.

कामावरून सुटल्यावर ती तडक नणंदेच्या दुकानात गेली. काउंटरच्या पलीकडे उंच स्टुलावर बसून नणंदबाई तिथे राज्य करत. समोर उभं राहणाऱ्याला मान वर करूनच बोलावं लागे, आणि स्टूल त्या हिशेबानंच घेतलेलं होतं.

"वन्सं, तुमच्या गोळीनं माझा कान खाल्ला."

"ये वहिनी. पाणी घे. कोणती गोळी आणि कोणता कान?"

"जळजळीची. डावा."

"आणि जळजळ कशी आहे?"

"ती गेली. तिचं काय?"

"म्हणजे गोळीनं काम केलं."

"एक काम केलं आणि एक बिघडवून ठेवलं. तुमच्या भावासारखी."

नणंदबाईंनी एका गिऱ्हाइकाचं खोकल्याचं औषध पिशवीत घातलं, त्याला वाटेला लावलं आणि पुढे वाकल्या. "हे बघ. ही गोळी चालू असताना कुणाकुणाच्या कानात आवाज आल्याचं नोंदलेलं आहे. फार थोड्यांच्या."

"बघा. कबूल झालात."

"कबूल कसली? गोळीनं आला, की गोळी चालू होती तेव्हाच नेमका आला, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून उन्हाची तक्रार कोंबड्याकडे करशील का? आंबट पाणी वर चढून चढून कानाच्या नळीला त्रास होतो, असंही काही डॉक्टर म्हणतात."

"मग गोळीनं कान सुधारायला हवा."

"एखाद्याचा सुधारतही असेल."

"म्हणजे तुमचं शास्त्र ढोलकीसारखं, दोन्हीकडून वाजतं."

"वाजतंय तर वाजू दे. तू दुसरं कुठलं औषध घेतेस का, ते सांग."

"औषध म्हणाल तर हे एकच. बाकी मी धडधाकट आहे."

"मग डॉक्टरीणबाईंना जाऊन विचार. मनानं बंद करू नकोस."

"विचारते," मावशी म्हणाली.

भावजयीच्या 'विचारते'ची किंमत नणंदेला ठाऊक असते. नणंदबाईंनी फक्त भुवया उचलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं गोळी घेतली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आरोपी तुरुंगात गेला. आता चोऱ्या थांबल्या पाहिजेत, असा तिचा सरळ हिशेब होता.

हिशेब जमेना. जळजळ माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी हक्कानं परत आली. एकटी आली नाही, उचकी आणि ढेकर घेऊन आली. तिकडे परत आलेल्या मालाची खोकीच्या खोकी टेबलावर येऊन पडली होती. तो सगळा माल पुन्हा वाजवायचा होता. टेबल उशिरापर्यंत बसायला लागलं. मनगटं सुजली. चहाच्या फेऱ्या वाढल्या, तशा डब्याच्याही वाढल्या. आणि कानातला कप कमी व्हायचा सोडून वाढायला लागला. आधी एक होता, आता ट्रेच्या ट्रे वाजत होते.

गोळीचा अंश अंगात राहिला असेल, असं मावशीनं स्वतःला समजावलं. चार दिवस गेले तसा अंशाचा अंशसुद्धा उरला नसणार, हे तिलाही दिसायला लागलं.

"गोळी बंद केलीस आणि आवाज वाढला," नवरा जेवता जेवता म्हणाला. "मग चालू केलीस तर कमी होईल."

"तुमच्या बहिणीची बाजू घेऊ नका."

"मी गणिताची बाजू घेतोय."

"गणितात तुम्ही नापास झाला होतात. सासूबाईंनी सांगितलंय मला."

नवऱ्यानं भाताचा पुढचा घास घेतला. सोशिक माणूस.

पण खरी ठेच लागली ती टेबलावर. साखरेला एका कपाबद्दल शंका आली. तिनं तो सरकवला. मावशीनं मान कलती करून टोला दिला. शेपूट लांबच लांब ऐकू आलं.

"बोलका," मावशी म्हणाली.

साखरेनं कप परत घेतला. बोटांवर एकदा तोलला. आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं तो हळूच डावीकडच्या पिंपात सोडला.

मावशीनं पाहिलं. तिच्या निकालाविरुद्ध टेबलावर पहिल्यांदा कुणी गेलं होतं, आणि तेही गोड माणूस. भांडली असती तर बरं झालं असतं. मावशीनं पुढचा कप उचलला. आता हे किती दिवस झाकून राहणार, याचा अंदाज तिला आला.

त्याच दिवशी डबा संपला आणि भरायची पाळी तिचीच होती. नणंदेचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, पण दुसरं दुकान लांब होतं.

"ती पांढरी द्या," ती काउंटरशी जाऊन म्हणाली. "नेहमीची. जास्तच द्या."

नणंदबाईंनी पाकीट काढलं. "तुमच्या कारखान्याच्या औषधपेटीला एवढ्या लागतात? परवाच तुझी साखर घेऊन गेली."

"पेटीला कशाला? डब्याला."

"कसला डबा?"

"चहाचा. चहाबरोबर घेतो ना आम्ही, हातासाठी."

"रोज?"

"चहा रोज असतो, वन्सं."

"तूही?"

"मग काय मी एकटी वेगळी बसू? हल्ली माल परत आलाय ना, चहा जरा जास्त होतो. कधी हात फारच भरून आला तर दोन घेते."

नणंदबाई स्टुलावरून उतरल्या. मावशीला त्यांची खरी उंची बऱ्याच दिवसांनी दिसली.

"वहिनी, ही ॲस्पिरिन आहे. ही अंगात जास्त झाली की पहिली खूण कानात कळते. कान वाजतो."

"आणि पोटात?"

"पोटात जळजळ. तीही तिचीच असेल, बहुतेक."

मावशी काउंटरला टेकली. मग एकदम सावरली. "मग तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं. दुसरं औषध घेतेस का म्हणून. तू म्हणालीस, धडधाकट आहे."

"तुम्ही औषध विचारलंत. ही चहाची आहे."

नणंदबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हसावं की ओरडावं हे ठरत नव्हतं. ते ठरायच्या आत मावशीनं पुढचा टोला दिला.

"आणि विकली कुणी?"

नणंदबाईंनी हातातलं पाकीट पाहिलं. इतक्या पाकिटांचं काय होतं, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. कारखाना मोठा, पेटी मोठी असेल, असं धरून त्या देत गेल्या होत्या. दोघी आरोपी, दोघी साक्षीदार, आणि निकाल द्यायला तिसरं कुणी नाही. अशा वेळी शहाणी माणसं कोर्ट तहकूब करतात. नणंदबाईंनी दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि कुणावरही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. उत्तरं तयार होती. "पांढरी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "जळजळीची पुन्हा सुरू करा. मनगटासाठी पट्टा, शेक आणि मुख्य म्हणजे मधे मधे विसावा."

"आवाज जाईल?"

"अशा वेळी बहुतेकदा जातो. तुमचा किती जाईल आणि किती दिवसांत, हे मी आज सांगणार नाही. इतकी वर्षं टोले ऐकलेल्या कानाचं स्वतःचंही काही असतं. राहिलाच, तर जळजळीच्या गोळीचाही विचार करू. ती बदलून बघता येते. पण ते मी बघेन, तुम्ही नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "टेबलावर बाकीच्याही घेतात ना?"

परत येताना दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. नणंद-भावजय न बोलता चालतात तेव्हा समजावं, हिशेब चाललाय. मावशीचा हिशेब असा होता: आपण गप्प बसलो, नुसती आपली पांढरी गोळी सोडली, तर यंत्र येईपर्यंत आपला कान बराचसा निवळेल. डबा फिरत राहील. साखर नापास होईल, कदाचित आणखी दोघीतिघी. खिडकी राहील, निकाल राहील, आणि परत आलेल्या मालाचं खापर आपोआप नापास झालेल्यांच्या डोक्यावर फुटेल. उलट तोंड उघडलं, तर खापर आधी आपल्या डोक्यावर. जमेची बाजू भरगच्च होती. मावशीला ती दिसतही होती. फक्त पिंपात हळूच सोडलेला तो कप मधेच डोळ्यांपुढे यायचा. साखरेनं तो आरडाओरडा न करता सोडला होता. मावशीची लाज राखून.

"काय करणार आहेस?" कोपऱ्यावर नणंदबाईंनी विचारलं.

"डबा रिकामाच नेणार आहे."

दुसऱ्या दिवशी चहा आला. मावशीनं डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"पाळी विसरलात वाटतं?" साखर म्हणाली.

"नाही. आधी एक सांगा. कुणाकुणाचा कान वाजतो?"

कुणी कपातून तोंड काढलं नाही.

"माझा वाजतो," मावशी म्हणाली. "डावा. बोलक्या कपाचं शेपूट वाजावं तसा, दिवसभर. हॉटेलातून आलेला माल माझ्याच कानाखालून गेलाय."

मग साखरेनं अगदी हळू विचारलं, "बारीक... संपतच नाही, तसा?"

"तसाच."

"मला वाटलं, थंडीनं कान धरलाय. गेल्या थंडीपासून."

मग बांध फुटल्यासारखं झालं. समोरच्या बाजूच्या लंबूला वाटत होतं, तो आवाज ट्यूबलाइटचा आहे. तिनं घरातली ट्यूब दोनदा बदलली होती. दारापाशी बसणारीनं नवऱ्याच्या घोरण्याला दोष देऊन त्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं होतं.

"बिचारा," साखर म्हणाली. "आता आत घ्या."

"राहू दे. मला बरं वाटतंय."

प्रत्येकीचा कान वाजत होता आणि प्रत्येकीनं तो दुसरीपासून लपवला होता, कारण या टेबलावर कानाची तक्रार करणं म्हणजे आपली खुर्ची आपणच उचलून देणं. मावशीनं पांढऱ्या गोळीचं सगळं सांगितलं. पटायला वेळ लागला.

"गोळी नाही तर दुपारनंतर माझा हात उठणार नाही," लंबू म्हणाली. "ते कोण बघणार?"

"ते साहेब बघणार. मी दाखवणार."

साहेब कागदांवर सह्या करत होते. मावशीनं बसायला सांगायची वाट पाहिली नाही. सांगायचं ते उभ्यानंच, न लपवता सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे परत आलेला माल..."

"आमच्या टेबलानं बोलका केला. टेबलाची मोठी मी, म्हणजे मी केला."

"मावशी, मग मला तुम्हाला पॅकिंगला... वरूनच तसं आहे."

"पाठवा. पण सगळ्यांनाच पाठवा. सगळ्यांचे कान वाजतात."

"सगळ्यांचे?"

"एकजात. आम्ही सगळ्या पॅकिंगला बसतो. फक्त आम्हाला गुंडाळायला कप कोण देणार, तेवढं बघून ठेवा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "तुमचं म्हणणं काय आहे?"

म्हणणं मावशीनं चालता चालताच जुळवलं होतं. कान निवळेपर्यंत तपासणी पुढे ढकलायची. तोवर प्रत्येक कप दोघींनी वाजवायचा, आणि एकीलाही शंका आली तर मुका. अर्ध्या जणींनी वाजवायचं, अर्ध्या जणींनी ट्रे लावायचे, आणि चहानंतर अदलाबदल, म्हणजे मनगटांना विसावा. "माल कमी जाईल, साहेब. पण गेलेला परत येणार नाही."

"वरती काय सांगू?"

"खरं सांगा. न जमल्यास माझं नाव सांगा."

साहेब बराच वेळ टोपणाशी खेळले. मग म्हणाले, "ठीक. पण तपासणी होईपर्यंत निकाल तुम्ही द्यायचा नाही. खिडकीजवळ बसायचं नाही."

हे मावशीच्या हिशेबात नव्हतं. ती दारापाशी थांबली. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. साहेब चपापले. हे वाक्य त्यांना या कारखान्यात आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

पुढचे दिवस कुरकुरीचे गेले. मनगटं ठणकत, अदलाबदलीवरून वाद होत, पिंपं मुक्या कपांनी भरत, आणि भट्टीवाले दारातून डोकावून विचारत की आमच्यावर काही राग आहे का. मावशी मधल्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांसारखी मुकाट वाजवायची. शंका आली की सवयीनं सगळ्या तिच्याकडे बघत आणि ती पिंपाकडे बोट दाखवी. कान रोज थोडा थोडा निवळत होता, पण तिनं त्यावर विश्वास ठेवायचं टाळलं. मग एका सकाळी तिनं एक साधासा चहाचा कप वाजवला. टणकन आवाज झाला, शेपूट फुटलं, रेंगाळलं आणि संपलं. मावशीचा हात तसाच राहिला. कितीतरी दिवसांनी तिनं शेपूट संपताना ऐकलं होतं. तिनं तोच कप पुन्हा वाजवला. पुन्हा संपलं.

"काय झालं?" साखरेनं विचारलं.

"काही नाही. चांगला कप आहे."

कान तपासणारा माणूस आला तेव्हा बायांनी रांगेतच त्याला यंत्राबद्दल इतके प्रश्न विचारले की तपासणी नक्की कुणाची चाललीय, ते त्याला कळेना. लंबूचा एक कान अजून वाजत होता. तिला कानाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी मिळाली आणि साहेबांनी, वर न विचारता, तिला जोडीदारणीबरोबर टेबलावरच ठेवलं. मावशीच्या डाव्या कानाला अगदी वरचे सूर किंचित कमी येत होते. वयाचं आणि कामाचं मिळून असेल, तो माणूस म्हणाला. कामाला काही अडचण नाही. त्या दुपारी साहेबांनी काही न बोलता खिडकीजवळची खुर्ची स्वतः ओढून सरळ केली. साखरेनं पहिला शंकेचा कप सरकवला. मावशीनं मान सरळ ठेवून टोला दिला.

"मुका."

साखरेनं तो पिंपात टाकला, या वेळी चांगला आवाज करून.

कामावरून सुटल्यावर मावशी दुकानात गेली. नणंदबाई स्टुलावर होत्या.

"मनगटाचे पट्टे द्या. सगळ्या टेबलाला पुरतील एवढे."

"देते. आणि माझी गोळी? सुटली की नाही ती?"

मावशीनं विचार केला. घाईघाईनं कुणाला सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "सकाळी अगदी शांत असलं, नळही बंद असला, की अजून एक बारीक आवाज येतो. पूर्वीच्या मानानं काहीच नाही. तो पांढरीचा उरलासुरला आहे, माझ्या कानाचा आहे, की तुमच्या गोळीचा, हे डॉक्टरीणबाईंनाही आत्ता सांगता येत नाही. जळजळ अशीच गेलेली राहिली तर पुढं गोळी हळूहळू कमी करून बघू, म्हणाल्यात."

"म्हणजे निकाल काय?"

"संशय आहे, पुरावा नाही. तोवर जामिनावर."

"आणि पुरावा मिळाला तर?"

"तर डॉक्टरीणबाईंना बदलायला सांगेन. मनानं काही करणार नाही."

नणंदबाई पट्टे मोजता मोजता थांबल्या. "वहिनी, बरी आहेस ना? माझं ऐकलंस तू."

"ऐकलं नाही. पटलं," मावशी म्हणाली, आणि पट्ट्यांची पिशवी काखोटीला मारून घरी निघाली.